कारण आपल्या शब्दांत लिहा

बँकेतल्या मुलीनं विचारलेला प्रश्न खरं तर अगदी साधा होता. नोएलीनच्या आईचं घर विकून आलेले पैसे दोघांच्या नावे मुदतीच्या ठेवीत ठेवायचे होते. नाव, पत्ता, जन्मतारीख झाली, आणि मग पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "तुमच्यापैकी कुणी अमेरिकेचे नागरिक?" डेस्मंड हल्सनं सवयीनं "नाही" म्हटलं. हा "नाही" त्याच्या जिभेवर इतका रुळला होता की म्हणताना त्याला काही वाटलंच नाही. तो खिडकीबाहेर हंटर स्ट्रीटवरच्या ओल्या फुटपाथकडे बघत होता. तेवढ्यात नोएलीन हसली. तिला आज बरं वाटत होतं. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात एकवीस वर्षं चादरी उपसून तिच्या गुडघ्यांची वाट लागली होती, आणि या ठेवीच्या जोरावर नाताळनंतर ती कामावर पाय ठेवणार नव्हती. हसत हसत ती मुलीला म्हणाली, "नाही काय म्हणतोय! अगं, हा चक्क यँकी आहे. ह्याच्या बापानं ह्याला तीन आठवड्यांचा असताना सिडनीला नेऊन वकिलातीतून शिक्का मारून आणलाय. घरात कागद आहे, गरुड छापलेला." मुलीची बोटं थांबली. तिनं पहिल्यांदाच मान वर करून डेस्मंडकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "अस्सं. मग मला दुसरा फॉर्म काढायला लागेल." एवढंच झालं. आ बैल मला मार म्हणतात, ते आपल्या बायकोच्या तोंडून, तेही हसत हसत घडावं, याचा राग त्याला गाडीपर्यंत पोचेपर्यंत पुरता चढलासुद्धा नव्हता. गाडीत बसल्यावर चढला.

"तुला काय गरज होती?" तो म्हणाला.

"कशाची? गंमत केली. आणि खरंच आहे ना ते?"

"खरं आहे म्हणून सगळीकडे वाजवायचं असतं का?"

"मग काय खोटं लिहून द्यायचं? डेस, तू बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीचे तक्ते करतोस, हेर नाहीस," ती म्हणाली आणि पट्टा लावता लावता पुन्हा हसली. तिला काही ठाऊक नव्हतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि तिला काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या फॉर्मनं तिसरा फॉर्म आणला, तिसऱ्यानं एक पत्र आणलं, आणि पत्रानं त्या दोघांना सर्फबोर्डांच्या दुकानावरच्या माडीत कार्मन फरूजा नावाच्या बाईसमोर नेऊन बसवलं. ही बाई न्यूकॅसलमधल्या अमेरिकनांची कर-विवरणं भरायची. एवढ्याशा शहरात त्यांचे एवढे लोक असतील असं डेस्मंडला वाटलं नव्हतं, पण तिच्या भिंतीवर फायलींची रांग होती, आणि प्रत्येक फाइलीत त्याच्यासारखंच कुणीतरी लचांड गळ्यात अडकवून बसलेलं असणार. बाई साठीची, चष्मा साखळीला बांधलेला, बोलायला सडेतोड. "जगातले बाकीचे देश तुम्ही कुठं राहता ते बघतात," ती म्हणाली. "हे तुम्ही कोण आहात ते बघतात. चंद्रावर राहायला गेलात तरी दरवर्षी विवरण भरायचं. इथला कर तुम्ही भरताच, त्यामुळे तिकडे देणं बहुतेक शून्य निघेल. पण शून्य आहे हे सांगायचं, आणि सहीनिशी सांगायचं. तुम्ही कधी सांगितलेलं नाही. चौपन्न वय ना तुमचं?" नोएलीन म्हणाली, "देणं शून्य, मग भांडण कशाचं?" बाई म्हणाली, "न सांगण्याचं." आणि मग तिनं समजावलं. ज्यांना ठाऊकच नव्हतं त्यांच्यासाठी एक सोपी वाट होती. मागच्या तीन वर्षांची विवरणं भरायची, खात्यांची यादी द्यायची, आणि एका कागदावर, शपथेवर, आपण आजवर का भरलं नाही याचं कारण आपल्या शब्दांत लिहायचं. दंड नाही. पण ज्यांना ठाऊक होतं आणि तरीही ज्यांनी भरलं नाही, त्यांच्यासाठी ती वाट नव्हती. त्यांना दंड होऊ शकतो, खात्यातल्या रकमेच्या निम्म्यापर्यंतसुद्धा. नावं दोन असली तरी खातं एकच धरतात. नोएलीनचं हसू त्या वाक्यावर विझलं. बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "आता मी एक प्रश्न विचारणार आहे. उत्तर देण्याआधी विचार करा, कारण तुम्ही बोललात की मला ते ऐकू आलेलं असेल. तुम्हाला ठाऊक होतं का?"

त्यानं विचार केला नाही. "नाही," तो म्हणाला.

"छान. मग तसंच लिहून आणा. पण दोन ओळींत नको, दोन ओळींचे कागद परत येतात. जन्मापासून लिहा. बाप कोण, कुठला, घरी काय बोलणं व्हायचं, सगळं. चांगलंही आणि वाईटही. आणि तो वकिलातीचा कागद शोधा."

चांगलंही आणि वाईटही. त्यानंतरचे पंधरा दिवस डेस्मंड रोज संध्याकाळी जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे आणि लिही. 'माझा जन्म न्यूकॅसल येथे झाला. माझे वडील अमेरिकन होते. मला या कर्तव्याची कल्पना नव्हती.' बंदरात तो तक्ते लिहायचा तेव्हा असंच सरळ, कोरडं लिहायचा. अमुक वाजता पाणी एवढं चढेल, तमुक वाजता एवढं उतरेल. त्यात कधी अडखळला नाही. इथे मात्र तिसऱ्या वाक्याशी पेन अडे. कल्पना नव्हती. कसली कल्पना नव्हती? नोएलीन भांडी विसळता विसळता मागे वळून विचारी, "झालं?" "होतंय." "अरे, चार ओळींचं काम, त्याला किती दिवस? माहीत नव्हतं म्हणून लिही आणि मोकळा हो. मला नोव्हेंबरात नोटीस द्यायची आहे कामावर." तो म्हणे, "बाई म्हणाली, मोठं लिहा." "मग मोठं माहीत नव्हतं असं लिही!" आणि ती पुन्हा विसळायला लागे, आणि पाण्याच्या आवाजात त्याला आपला राग नळासारखा नुसताच वाहताना ऐकू येई. राग कुणावर करायचा, तेच त्याला कळत नव्हतं. नोएलीनवर केला तर ती म्हणणार, मी खोटं काय बोलले? त्या मुलीवर केला तर ती बिचारी पगारावर काम करत होती. हजारो मैलांवरच्या कुठल्याशा कचेरीवर केला तर तिला तो पोचणारच नव्हता. आणि बापावर करावा तर बाप एकवीस वर्षांपूर्वी सँडगेटच्या दफनभूमीत गेलेला, टाय लावून.

टाय. तेच तर. ऑरिन हल्स हा माणूस एरवी टाय लावायचा नाही. नेब्रास्कातल्या कुठल्याशा मक्याच्या गावातून जहाजावर इंजिनातलं काम करत तो इथे आला, एका न्यूकॅसलच्या पोरीच्या प्रेमात पडला आणि पोलादाच्या कारखान्यात तापमान मोजायच्या खात्यात चिकटला. कारखान्यात निळा सदरा, घरी बनियन. पण जूनमध्ये एका शनिवारी, इथली थंडी पडायला लागलेली असताना, तो सकाळी दाढी करून, पांढरा सदरा आणि तपकिरी टाय लावून स्वयंपाकघरात यायचा. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचा, कारण लोण्याचा डाग पडलेला कागद सरकारला पाठवणं हा त्याच्या लेखी अपमान होता. मग त्यावर फॉर्म, खाली कार्बन, त्याखाली पातळ कागद. आई त्या दिवशी न्याहारी मागच्या व्हरांड्यात द्यायची. हीटर त्याच्या पायाशी, आणि त्याची ती पाण्यासारखी पातळ काळी कॉफी. चेष्टा करायची सोय नव्हती. डेस्मंड दहा-अकरा वर्षांचा असताना म्हणाला होता, "डॅड, तुम्ही इथे राहता, मग त्यांना कशाला लिहिता?" बाप पेनचं टोपण लावून म्हणाला होता, "माणसानं आपण कुठे आहोत आणि काय कमावतो, हे आपल्या घरी कळवावं. पैसे मागत नाहीत ते. नुसतं विचारतात." "आणि नाही कळवलं तर?" "तर त्यांना वाटेल, ह्यानं आपल्याला सोडलं." त्या वयातही डेस्मंडला ते उत्तर खटकलं होतं, कारण सोडलंच तर होतं. परत जायचं नव्हतं, तिथे कुणी उरलं नव्हतं, बापाच्या बोलण्यातला तिथला हेलसुद्धा अर्धा गेला होता. उरला होता तो फक्त हा एक शनिवार. लिहून झालं की बाप लिफाफा घेऊन स्वतः कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीपर्यंत चालत जायचा, टाय तसाच. पोरगा म्हणायचा, मी टाकून येतो. बाप म्हणायचा, "नाही. आपला कागद आपण टाकायचा. दुसऱ्यानं टाकलेला चालत नाही." असा काही नियम कुठेच नव्हता. तो नियम ऑरिन हल्सचा होता.

तर ठाऊक होतं. हे कुणाला सांगायचं? एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये डेस्मंड अठरा वर्षांचा होता, बंदरात उमेदवारीला लागला होता, आणि बापानं त्या शनिवारी टेबलावर वर्तमानपत्र दुप्पट पसरलं. दोन फॉर्म. "आता तुझा," बाप म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते डेस्मंडला आजही आठवायला नको वाटतं. पोराला पहिली सायकल देताना त्याचा चेहरा असाच झाला होता. "सोपं आहे. इथे पगार, इथे वजा, आणि मग इथून खाली सगळीकडे शून्य. सही कर." डेस्मंडनं शून्यं काढली. बाजूला बसून बाप ती शून्यं मोजल्यासारखी बघत होता. मग त्यानं लिफाफा चिकटवून पोराच्या हातात दिला, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "सोमवारी कामावर जाताना टाक." सोमवारी डेस्मंड त्या लाल पेटीसमोर उभा राहिला. लिफाफ्यावर बापाच्या हातचा पत्ता, सरळ, ठळक. बंदरातली पोरं त्याला यँक म्हणून चिडवायची, त्याच्या डब्यावर कुणीतरी खडूनं अमेरिकेच्या झेंड्यावरचे तारे आणि पट्टे काढले होते. पण तेही कारण नव्हतं. खरं कारण त्याला तेव्हा सापडलं नव्हतं आणि आता, चौपन्नाव्या वर्षी, ते आपल्या शब्दांत लिहा म्हणतात! पेटीचं तोंड उघडं होतं आणि त्याचा हात उठला नाही, एवढंच. कंटाळा असेल, भीती असेल. किंवा त्याला बापाचं घर आपलं घर म्हणायचं नसेल. तो संध्याकाळी परत आला आणि लिफाफा मागच्या शेडमध्ये, रंगाच्या डब्यांच्या मागे सारून ठेवला. नंतर टाकू. रात्री जेवताना बापानं विचारलं, "टाकलंस?" तो म्हणाला, "टाकलं." बाप म्हणाला, "बरं," आणि आपल्या कपाकडे वळला.

पहिलं खोटं जड गेलं, दुसऱ्याला काहीच लागलं नाही. पुढच्या वर्षीपासून बाप कोरा फॉर्म द्यायचा, कारण आता पोराला येत होतं. फॉर्म कचऱ्यात जायचा. शहाऐंशीला लग्न झालं, डेस्मंड मेफील्डला राहायला गेला, मग जूनमध्ये फोन यायचा. हवा, गुडघे, आईची तब्येत, पगार किती झाला, आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता, "टाकलंस?" "टाकलं, डॅड." "बरं." सगळी मिळून पंधरा वर्षं. शहाण्णवच्या जूनमध्ये बाप इस्पितळात होता, नाकात नळी, बोलणं जवळजवळ थांबलेलं. तरी त्यानं भुवया उचलून विचारलं. डेस्मंडनं हात दाबून मान हलवली. टाकलं. त्यानंतर कुणी विचारलं नाही, आणि सुंठेवाचून खोकला गेला, असं त्याला बापाच्या अंत्यविधीच्या दिवशी क्षणभर वाटून गेलं होतं. त्या वाटण्याची लाज मात्र गेली नाही. आणि एवढं सगळं कशासाठी? शून्यासाठी! चोरी केली असती, लपवाछपवी केली असती, तर निदान खिशात काही पडलं असतं. त्यानं शून्य लपवलं होतं, आणि आता त्या शून्यापायी नोएलीनच्या आईचं घर जाणार होतं. तिची आई आयुष्यभर शाळेच्या खानावळीत उभी होती. तिच्या घराच्या पैशांवर नोएलीन खुर्चीत बसणार होती, पाय स्टुलावर ठेवून. एवढीच तिची मागणी होती, आणि ती त्याच्याकडे नव्हतीच, आपल्या मेलेल्या आईकडे होती.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, नोएलीन म्हणाली, "लिहिणं नाही जमत तर निदान तो कागद तरी शोध. का तोही मीच शोधू?" तिच्या बोलण्यातली गंमत आता संपली होती. तो गॅरेजमध्ये गेला. बापाच्या वस्तूंचं एक खोकं वरच्या फळीवर होतं, आई गेल्यावर आणून ठेवलेलं आणि कधी न उघडलेलं. वकिलातीचा कागद लगेच मिळाला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, गरुड आणि शिक्क्यासकट. त्याखाली एक निळी फाइल होती. तिच्यावर बापाच्या अक्षरात फक्त 'डेस' लिहिलेलं. त्याला वाटलं शाळेचे दाखले असतील. फाइल उघडली तर वरच एक लिफाफा, पत्ता बापाच्या हातचा, सरळ, ठळक, आणि त्यावर रंगाच्या डब्याच्या बुडाचा हिरवा गोल. तो लिफाफा त्यानं छत्तीस वर्षांपूर्वी शेडमध्ये सारला होता. आत त्याची शून्यं तशीच होती, फक्त हिरवा डाग फॉर्मपर्यंत झिरपलेला. लिफाफ्याखाली कार्बनच्या प्रती, एकावर एक, पातळ, निळ्या. एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी. प्रत्येकीवर त्याचं नाव, त्याचा पगार, खाली सगळीकडे शून्य. आणि सही. त्याची सही. त्यानं ती उजेडात नेऊन बघितली, कारण क्षणभर त्याला खरंच वाटलं की आपणच केली असेल आणि विसरलो असू. सही हुबेहूब होती, फक्त हल्समधला शेवटचा 's' थोडा वर उचललेला, बाप काढायचा तसा. पहिल्या दोन वर्षांत तर दोनतीनदा गिरवून बघितलेल्या सह्यांचे कागदही होते. आणि तारखा? त्यानं तारखा वाचल्या आणि तो खोक्याच्या कडेवर बसला. प्रत्येक तारीख जूनच्या त्या शनिवारानंतरची, आठ-दहा दिवसांनी. म्हणजे बाप आधी विचारायचा. टाकलंस? ऐकून घ्यायचा. बरं म्हणायचा. आणि मग एकटाच बसायचा, बहुतेक टाय लावून, पोराच्या नावाचं भरायचा, पोराची सही काढायचा, आणि चालत जाऊन पेटीत टाकायचा. दुसऱ्यानं टाकलेला चालत नाही म्हणणारा माणूस. लोण्याचा डाग न खपणारा माणूस पंधरा वर्षं सरकारला खोटी सही पाठवत होता.

त्याला रडू यायला हवं होतं. आली ती चीड. बोलला का नाही? एकदा, एकदाच कॉलर धरून म्हणायचं होतं, कार्ट्या, खोटं बोलतोस! एकदा कानाखाली वाजवली असती तर हे सगळं तिथेच मिटलं असतं. पण त्यानं बरं म्हटलं. दरवर्षी संधी दिली, आणि दरवर्षी बरं म्हटलं. आणि वर हा गुंता करून ठेवला, की आता 'मला कल्पना नव्हती' हे लिहायचीही सोय नाही. तिकडच्या कुठल्याशा तळघरात डेस्मंड हल्स या माणसाची पंधरा विवरणं पडलेली असणार, सहीनिशी, आणि मग शहाण्णवपासून एकदम काही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सोमवारी त्यानं कार्मन फरूजाला फोन केला आणि कुणाचं नाव न घेता विचारलं, एखाद्या माणसाची फार जुनी विवरणं गेलेली असतील तर? पलीकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "इतके जुने कागद ते ठेवत नसावेत. नसावेत, असं मी म्हणते आहे. तुमचा कागद अजून माझ्याकडे आलेला नाही, डेस्मंड. तो काय म्हणेल ते तुम्ही ठरवा. सही तुमची आहे." त्या शेवटच्या वाक्यावर त्याला हसू आलं, आणि ते फार वाईट हसू होतं.

त्या संध्याकाळी त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. नोएलीन कामावरून आली नव्हती. त्यानं नव्या कागदावर लिहायला घेतलं आणि या वेळी तिसऱ्या वाक्याशी पेन अडलं नाही. 'मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं. मी त्यांना पाठवलं असं सांगत राहिलो आणि पाठवलं नाही. माझ्या नावानं जी विवरणं तुमच्याकडे आली ती त्यांनी पाठवली. त्यांच्यानंतर कुणीच पाठवली नाहीत. मी का पाठवलं नाही याचं कारण मला आजही सांगता येत नाही. देणं काही नव्हतं.' अर्धं पानही भरलं नाही. दोन ओळींचे कागद परत येतात. त्यानं खाली सही केली. फरूजाबाईनं तयार करून दिलेली तीन वर्षांची विवरणं आणि हा कागद तिकडच्या कचेरीचा पत्ता लिहिलेल्या जाड लिफाफ्यात घातला, पण तोंड बंद केलं नाही, कारण त्याआधी एक गोष्ट उरली होती.

नोएलीननं कोट न काढता, उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं. मग हिरव्या गोलाचा लिफाफा बघितला, निळ्या प्रती बघितल्या, आणि खुर्ची ओढून बसली. बाहेर कुणाचंतरी कुत्रं भुंकत होतं.

"हे पाठवणार?"

"हो."

"आणि दुसरं? माहीत नव्हतं म्हणून लिहिलेलं?"

"ते खोटं आहे."

"छत्तीस वर्षं खोटं चाललं तुला. तेव्हा त्याची काही किंमत पडत नव्हती. आता माझ्या आईचं घर त्यात आलं, आणि तुला नेमकं आत्ता खरं सुचलं?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तिनं मरताना मला काय सांगितलं ठाऊक आहे? नोली, आता बस जरा. एवढंच."

"ठाऊक आहे."

"निम्मं जाईल, डेस."

"जाईलच असं नाही. जाऊ शकतं."

"आणि मी बँकेत तोंड उघडलं नसतं तर? तर तू मला कधी सांगितलं असतंस?"

खोटं बोलण्याची त्याला एवढी सवय, पण या प्रश्नाला एकही खोटं हाताशी आलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं बोट टेकवून त्या गिरवलेल्या सह्यांवरून हळूच फिरवलं. "म्हातारा किती वेळ बसला असेल रे," ती म्हणाली, जणू त्याच्याशी नव्हेच. मग कागद घडी करून तिनं लिफाफ्यात सरकवला, जीभ फिरवली आणि तोंड दाबून बंद केलं. तो उठला. "आण. मी टाकून येतो."

"तू?" ती म्हणाली. "तू बस. तुझ्या हातून आजवर कधी पडलाय पेटीत? मी टाकते."

त्याला बापाचा नियम सांगावासा वाटला. पण ते म्हणायला त्याला तोंड राहिलं नव्हतं. तिनं लिफाफा निळ्या कोटाच्या आतल्या खिशात घातला, तो जेमतेम मावला, आणि दार ओढून ती बाहेर पडली. पेटी कोपऱ्यावर होती, तिच्या दुखऱ्या गुडघ्यांनीसुद्धा जाऊन येऊन दहा मिनिटं. तो खिडकीशी उभा राहिला. दिव्याखालून ती गेली आणि कुंपणाआड दिसेनाशी झाली. वर्तमानपत्र टेबलावर तसंच होतं. त्यानं पाणी तापत ठेवलं, दोन कप काढले. वीस मिनिटं झाली. पंचवीस. समुद्राकडून वारा सुटला होता आणि नांगर टाकून थांबलेल्या कोळशाच्या जहाजांपैकी एकानं भोंगा वाजवला. भरतीची वेळ. ती त्याला तोंडपाठ होती.

दार वाजलं. ती आली, नाक थंडीनं लाल झालेलं. तिनं कोट काढला आणि दाराशी खुंटीला अडकवला. तिनं घरातली चप्पल पायात सरकवली, खुर्चीत बसली, दुसरी खुर्ची पुढे ओढून पाय तिच्यावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. कोट खुंटीवर सरळ लोंबत होता. डावी बाजू उजवीपेक्षा थोडी खाली होती, किंवा नव्हती. नेहमीच तशी असेल, त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. कोट त्याच्यापासून एका हातावर होता. आत हात घातला असता तर कळलं असतं. तिच्या आईचं घर, तिचे गुडघे, आणि त्याचं अर्धं पान खरं, सगळं त्या खिशात होतं किंवा पेटीत होतं.

"टाकलंस?" त्यानं विचारलं.

नोएलीननं डोळे उघडले नाहीत. "टाकलं."

डेस्मंडनं कोटाकडे बघितलं.

"बरं," तो म्हणाला, आणि कपाकडे वळला.